धुऱ्याचं भांडण आणि तालुक्याचं कोर्ट: कोणती खिडकी कामाची, कोणती नावाची

धुऱ्याची, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाची, भांडणं उन्हाळवाहीत, उन्हाळ्यातल्या नांगरटीत, उगवतात. ट्रॅक्टर शेवटचं तास घेताना धुऱ्यावर चढतो, पुढच्या वर्षी अजून वीतभर, आणि दहा वर्षांनी धुऱ्यावरची बाभूळ शेजाऱ्याच्या कपाशीत उभी दिसते. मग मिरगाच्या तोंडावर दोन्ही घरचे वावरात समोरासमोर येतात. कोणीतरी पोलीस ठाण्यात जातो, तिथे अदखलपात्र नोंद (एनसी) होते आणि ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा’ असं ऐकून माणूस परत येतो. (त्या एनसीची प्रत जपून ठेवावी. भांडण मिटत नाही तिनं, पण अडवणूक कोणत्या तारखेला झाली याचा पुढे तोच एक सरकारी कागद असतो.)

हे परीक्षण त्या ‘कोर्टात जा’ नंतरच्या वाटेचं आहे: तहसील, मोजणी, विधी सेवा समिती, दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तर, लोकअदालत आणि शेवटची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत रचना हीच, इमारती आणि माणसं तेवढी वेगळी. मत आधीच सांगून टाकतो. या सेवेतला अर्धा बिघाड कोर्टात होतच नाही. तो कोर्टाची पायरी चढण्याआधीच्या काही महिन्यांत झालेला असतो, चुकीच्या खिडकीवर रांग लावल्यामुळे.

तहसील: स्वस्त, जवळ, पण घड्याळ लावलेलं

वहिवाटीचा रस्ता काट्या टाकून अडवला, पाण्याचा नैसर्गिक उतार माती घालून बंद केला, किंवा दांडगाईनं वावराचा ताबाच घेतला, तर पहिली खिडकी तहसीलदाराची. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. कायदा शंभरी ओलांडलेला, नावातला मामलेदार कधीच तहसीलदार झाला, पण काम आजही चालतं. वकील लागेलच असं नाही. तहसीलदार स्वतः येऊन जागा बघतात, पंचनामा होतो आणि अडथळा काढण्याचा आदेश निघू शकतो.

अट एकच आणि ती कडक आहे: अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज. इथेच घात होतो. बैठक बसते, तंटामुक्त समिती दोन्हीकडच्यांना बोलावते, ‘पेरणी होऊ द्या, मग बघू’ ठरतं, दिवाळी जाते, कापूस घरी येतो आणि सहा महिने उलटलेले असतात. १५ ऑगस्ट २००७ पासून गावोगावी झालेल्या या समित्यांसमोर बसण्यात वाईट काही नाही, मिटलं तर उत्तमच. फक्त मुदत समितीसाठी थांबत नाही. अर्ज आधी टाकावा, बैठक नंतर बसवावी. मिटलं तर अर्ज मागे घेता येतो, पण गेलेला सातवा महिना परत आणता येत नाही.

अर्जात अर्जदाराचं नाव-वय-गाव, वावराचा गट नंबर आणि चतुःसीमा, अडवणूक कधी झाली ती तारीख, कशी झाली ते, आणि शेवटी कागदांची व साक्षीदारांची यादी असावी. तारीख नसलेला अर्ज हा सगळ्यात कच्चा अर्ज. ‘गेल्या काही दिवसांपासून’ असं लिहिलं की समोरचा वकील ते दिवस सहा महिन्यांपलीकडे ढकलून दाखवतो.

रस्ता मुळात नव्हताच आणि आता धुऱ्यानं हवा आहे, तर कलम वेगळं: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३. इथे तहसीलदार दुसऱ्यांच्या धुऱ्यावरून जाण्याचा हक्क ठरवून देतात. या दोन गोष्टी एकाच अर्जात कोंबायची सवय फार. ‘जुना रस्ता अडवला आहे, तो मोकळा करावा, नाहीतर नवा द्यावा’ असं लिहिलं की अर्जदारानं रस्ता जुना नसल्याची कबुली स्वतःच्या सहीनं दिली, असा अर्थ लावायला समोरचा मोकळा. जुना असेल तर कलम ५, नवा हवा असेल तर १४३. दोन अर्ज, दोन कागद.

कलम १४३ चा आदेश पटला नाही तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पण दावा लावला की त्या आदेशावरचं अपील आणि पुनरीक्षण दोन्ही बंद. कलम ५ च्या आदेशावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण आहे.

पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारी गावांसाठी एक खास गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती तालुक्यातल्या नव्या वकिलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्या गावांचं निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांचा कागद) आणि वाजिब-उल-अर्ज अभिलेख कक्षात मागावं. गावातून कोणाची वाट कुठून जाते, पाणी कुठून नेतात, याच्या रिवाजाची नोंद वाजिब-उल-अर्जात असते, आणि महसूल अधिनियमाच्या कलम १६५ नं तिला आजही जागा दिली आहे. पाच म्हाताऱ्यांच्या साक्षींनी जे सिद्ध होत नाही ते त्या पिवळ्या पडलेल्या पानानं होऊन जातं. वऱ्हाडात रयतवारी होती, तिथे जुना गाव नकाशा आणि त्यावरची तुटक रेघेची पांदण हाच आधार.

तहसील खिडकीचा दोष सांगायचा तर वेळेचा. तहसीलदारांकडे निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या सगळं एकाच टेबलावर. तुमच्या पेशीच्या दिवशी साहेब दौऱ्यावर असणं नेहमीचं. तरीही सहा महिन्यांच्या आत असाल तर आधी इथेच जावं.

मोजणी: सगळ्यात जास्त दावे इथे पडतात

धुरा नेमका कुठे, हा प्रश्न असेल तर तहसीलदार आणि न्यायाधीश दोघंही एकाच कागदाची वाट बघतात. तो म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, ‘क’ प्रत. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. शिवाय सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावाही नव्हे. ‘माझ्या सातबाऱ्यावर २ हेक्टर १० आर आहे आणि जाग्यावर कमी भरते’ एवढ्यानं शेजाऱ्यानं खाल्ली असं ठरत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे गेलेली असू शकते, किंवा नदीकडेला खरडून गेलेली.

आकडा डोळ्यासमोर असावा म्हणून: धुरा २०० मीटर लांब आणि शेजारी ५ फूट आत आला, तर गेलेली जागा साधारण ३ आर. एकरात ४० आर असतात. दाव्यात लोक रागाच्या भरात ‘अर्धा एकर’ लिहितात, मोजणीत ३ आर निघतात, आणि ते ३ आर खरे असले तरी उलटतपासात माणूस खोटा ठरतो.

मोजणी चुकते कुठे? पहिली चूक, उभ्या पिकात मोजणी लावणं. जुलैपासून कपाशी, तूर उभी असते. सर्वेअरला धुऱ्याच्या खुणा सापडत नाहीत, आणि ‘पीक असल्याने मोजणी करता आली नाही’ असा शेरा पडतो. अर्ज असा टाकावा की तारीख फेब्रुवारी ते मेमध्ये येईल. दुसरी चूक, फक्त आपलंच वावर मोजून घेणं. अतिक्रमणाच्या वादात आपला आणि शेजाऱ्याचा असे दोन्ही गट एकत्र मोजले गेले पाहिजेत. एकतर्फी नकाशा कोर्टात उभा राहत नाही. तिसरी, लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस न पोचणं. नोटीस मिळालेल्यांच्या सह्या किंवा पोचपावत्या मोजणीच्या कागदांत आहेत का, हे नकाशा हातात घेतानाच बघावं. एक जरी सुटला असेल तर वर्षभरानं त्याचाच वकील उभा राहून म्हणतो, माझ्या अशिलाला कल्पनाच नव्हती.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, त्यावर सुपर निमताना. दोन्हींत वरच्या पायरीचा अधिकारी मोजतो. या पायऱ्या टाळून खासगी सर्वेअरचा रंगीत, जीपीएसचा नकाशा आणणारे बरेच. दिसायला देखणा, पण कोर्टात त्याचं वजन जवळपास शून्य. दावा चालू असताना कोर्ट स्वतः भूमी अभिलेखाला कोर्टाचा आयुक्त (जागा मोजून कोर्टाला अहवाल देणारा) नेमू शकतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २६, नियम ९. तो अर्ज पुरावा संपल्यावर टाकला की ‘पुरावा गोळा करायला आयुक्त नेमता येत नाही’ म्हणून फेटाळला जातो. मुद्दे निघाल्याबरोबर, म्हणजे वादाचे प्रश्न कोर्टानं ठरवल्याबरोबर, टाकावा.

फुकट वकील: खरंच फुकट

तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं टेबल असतं. समितीचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीशच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतला माणूस, नैसर्गिक आपत्तीचा फटका बसलेला माणूस यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. म्हणजे दोन-तीन एकरांचा कोरडवाहू कास्तकार बहुधा बसतोच. अर्जासोबत ओळखपत्र, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि भांडणाचे कागद. जायला जमत नसेल तर १५१०० हा देशभराचा फोन आहे.

वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्च हे सगळं यात येतं. वेगळे पैसे मागितले गेले तर द्यायचे नसतात, समितीकडे लेखी कळवायचं असतं. खोट आहे ती दर्जात. पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारा मोबदला तुटपुंजा, त्यामुळे कोणी जीव ओतून काम करतो, कोणी तारीख मागून मोकळा होतो. वकील बदलून मागता येतो, कारण लिहून साधा अर्ज द्यायचा. हे लोकांना माहीत नसतं आणि माहीत असलं तरी फुकटची वस्तू बदलून कशी मागायची म्हणून गप्प बसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय आहे, पण ते फौजदारी प्रकरणांपुरतं. धुऱ्यासाठी तिकडे जाऊ नये.

जाता जाता: १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनं मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. सातबारा आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर दावा तिच्याच नावानं जातो. अधिसूचनेची प्रत दाव्यालाच जोडावी, म्हणजे कार्यालयातून फीची हरकत निघाली तर उत्तर कागदावरच असतं. पुरुषांनाही शेताच्या ताब्याच्या दाव्यात फी बाजारभावावर लागत नाही, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत लागते. लाखोंच्या जमिनीवर लाखोंचा मुद्रांक लागेल या भीतीनं घरी बसलेल्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

दावा, समन्स, पेशी

दाव्यात तीन ठिकाणी माती होते.

एक, प्रतिवादी. सातबाऱ्यावर शेजाऱ्याच्या आजोबांचं नाव, आजोबा वीस वर्षांपूर्वी वारले, वारसांचा फेरफार झालाच नाही. मेलेल्या माणसावर लावलेला दावा मुळातच निरर्थक. गावात विचारून सगळे वारस, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट, आधीच जोडावेत.

दोन, मागणी. धुरा आधीच कोरला गेला आणि शेजाऱ्यानं तिथे सोयाबीन पेरलं, तर नुसता मनाई हुकूम मागून भागत नाही, कारण ताबा तुमच्याकडे नाही. ताबा मागावा लागतो. ‘मनाई हुकुमाचा दावा स्वस्त पडतो’ म्हणून तोच लावून देण्याची रीत आहे, आणि पाच-सहा वर्षांनी तो याच एका कारणावरून पडतो. मालकी हक्कावर ताबा मागायला १२ वर्षांची मुदत आहे. दांडगाईनं नुकतंच हुसकावलं असेल तर विशिष्ट सहाय्य अधिनियमाचं कलम ६, इथेही पुन्हा सहा महिने. त्यात मालकी कोणाची हे बघितलंच जात नाही, ताबा कोणाचा होता एवढंच, आणि निकालावर अपील नाही.

तीन, नकाशा. वादाची पट्टी हातनकाशात अ-ब-क-ड अक्षरांनी दाखवून तिची लांबी-रुंदी दाव्यात लिहावी. ‘पूर्वेकडील धुऱ्यालगतचा भाग’ अशा वर्णनावर हुकूमनामा (निकालाचा अंतिम आदेश) मिळाला तरी बेलिफ जाग्यावर जाऊन काय मोजणार?

पेरणीच्या तोंडावर तूर्तातूर्त मनाई हुकूम मागितला जातो. सकृद्दर्शनी बाजू, गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान या तीन गोष्टी बघून समोरच्याला न ऐकताही तो मिळू शकतो. मिळाल्यावर लोक पेढे वाटतात आणि पुढचं काम विसरतात. आदेशाची, अर्जाची, शपथपत्राची आणि कागदांची प्रत लगेच रजिस्टर पोस्टानं समोरच्याला पाठवून, पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागतं. ते दिलं नाही म्हणून चांगले हुकूम उठतात. उलट बाजूला असाल आणि शेजारी असा हुकूम आणेल अशी धाकधूक असेल, तर आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, टाकावं. ते ९० दिवस चालतं.

आता समन्स. सगळ्या सेवेतला सगळ्यात ढिला सांधा हाच. बेलिफ गावात येतो, घराला कुलूप किंवा ‘नागपूरला गेले’ असं उत्तर, समन्स न बजावता परत. दोन-तीन खेपा अशाच जातात. वादीला यात करण्यासारखं बरंच आहे. पत्त्यात नुसतं गाव न लिहिता वॉर्ड, देवळाची-शाळेची खूण लिहावी. बेलिफाला घर दाखवायला कोणीतरी सोबत जावं. बजावणीचा भत्ता वेळेत भरावा. समन्स परत आलं तर सात दिवसांत नवं समन्स काढण्याचा अर्ज द्यावा, नाहीतर दावाच निकाली निघू शकतो. प्रतिवादी मुद्दाम टाळत असेल तर दारावर डकवून बजावणी, तेही जमलं नाही तर वर्तमानपत्रात. यासाठी वकिलाच्या मागे लागावं लागतं. आपणहून कोणी करत नाही.

समन्स पोचल्यावर लेखी कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या उत्तराला, ३० दिवस, कोर्टानं वाढवले तर ९०. कास्तकारांच्या दाव्यांत हे नव्वदही ओलांडले जातात, खर्च लावून कैफियत घेतली जाते. मग मुद्दे, मग पुरावा.

पुराव्याचा भाग जरा जवळून बघण्यासारखा आहे. सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, आता तोंडी होत नाही, शपथपत्रावर होतो. ते वकिलाच्या टायपिस्टकडे तयार होतं आणि साक्षीदार व्हरांड्यात उभ्या उभ्या सही करतो. मग पिंजऱ्यात पहिलाच प्रश्न येतो: ‘वादाचा धुरा तुमच्या वावराच्या कोणत्या बाजूला?’ साक्षीदार हात करतो, ‘तिकडं, नाल्याच्या अंगाला.’ कोर्टाच्या खोलीत नाला नाही. ‘पूर्व की उत्तर?’ तो म्हणतो उत्तर. शपथपत्रात पूर्व. गावाकडे दिशा नाल्यानं, देवळानं, दुसऱ्याच्या मळ्यानं सांगतात, कागदावर सूर्यानं. दोन्हींची सांगड घरी, वावरात उभं राहून आधी घालून घ्यावी. दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘कोणत्या वर्षी कोरला?’ ‘दरसाल थोडा थोडा’ हे खरं उत्तर असतं आणि मुदतीच्या मुद्द्यावर तेच महागात पडतं. पहिल्यांदा कधी हटकलं आणि त्याचा कागद कोणता, हे साक्षीदाराला पाठ नको, माहीत हवं. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेपासून तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्ष लिहून झाल्यावर ती वाचून मगच सही किंवा अंगठा द्यावा. न्यायाधीशांना ‘साहेब, हे मी असं नाही म्हणलो’ सांगण्याची वेळ तीच.

पेशीला स्वतः गेलंच पाहिजे असं दरवेळी नसतं. पण पुकारा झाला आणि वादी-वकील दोघंही नसले तर दावा गैरहजेरीत काढला जातो. तो परत फाईलवर घ्यायला ३० दिवस. प्रतिवादीवर एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो उठवायलाही ३० दिवस, समन्स नीट बजावलं नसेल तर कळल्यापासून. एकाच पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं संहिता म्हणते. संहिता म्हणते, एवढंच.

ॲप: हे मात्र चांगलं झालं

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप फोनमध्ये घ्यावं. दावा नोंदला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो. तो वकिलाकडून लिहून घ्यावा, फाईलच्या पुठ्ठ्यावर आणि घरी भिंतीवरही. नंबर टाकला की पुढची तारीख, टप्पा, आदेश दिसतात. आधीच्या कोणत्याही तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय कामकाज झालं ते उघडतं. ‘साहेब रजेवर होते’ असं सांगितलं जातं आणि नोंद असते ‘वादीतर्फे मुदत अर्ज, मंजूर.’ वकील-अशील संबंधात या एका पडद्यानं जेवढी शिस्त आणली तेवढी कशानंच आणली नाही. उणीव अशी की नोंदी तुटक इंग्रजीत असतात आणि काही वेळा तारीख संध्याकाळपर्यंत चढत नाही. कोर्टातलं ई-सेवा केंद्र तीच माहिती विनामूल्य काढून देतं.

नागपूर जिल्ह्यात काटोलला ३१ ऑक्टोबर २०२० ला वाहतुकीच्या चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं. दंड घरबसल्या भरून मोकळं होता येतं. धुऱ्याला अजून तशी सोय नाही, तिथे बेलिफाच्या पायात बूट लागतातच.

लोकअदालत: आदेश पक्का, पण मजकूर आपण लिहायचा

वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते. बँकेची थकबाकी, वीजबिलं, ग्रामपंचायतीची घरपट्टी यांच्या दाखलपूर्व नोटिसांचीच त्यात गर्दी. पण चालू दिवाणी दावाही ठेवता येतो. मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला हुकूमनाम्याचीच ताकद असते. त्यावर अपील नाही.

अपील नाही, म्हणून मजकूर महत्त्वाचा. ‘दोन्ही पक्षांनी सलोख्याने राहावे व एकमेकांच्या वहिवाटीस अडथळा करू नये’ हा निवाडा घरात फ्रेम करून लावायच्या कामाचा. त्यात हवं ते असं: जोडलेल्या नकाशातली अ-ब रेघ ही कायम हद्द, तिच्यावर अमुक तारखेपर्यंत दगड रोवायचे, खर्च निम्मा-निम्मा, बाभळीचं झाड कोणाचं, आणि मुदतीत दगड न रोवल्यास दुसऱ्यानं रोवून खर्च वसूल करावा. वाटणीत अज्ञान (वयानं सज्ञान न झालेला) वारस असेल तर तडजोडीला कोर्टाची वेगळी परवानगी घ्यावी, नाहीतर तो सज्ञान झाल्यावर सगळं उलटवू शकतो. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत घातली तर तेवढ्यापुरती नोंदणी लागते.

एकाचं वावर दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, असा १२ वर्षांहून जुना घोळ असेल, तर कोर्टाच्या वाटेलाच जाऊ नये. राज्यानं २०२३ मध्ये आणलेल्या सलोखा योजनेत अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये अशी नाममात्र आकारणी ठेवली. ताब्याचा पंचनामा आधी करून घ्यावा लागतो. योजनेची मुदत चालू आहे का, हे दुय्यम निबंधकांकडे त्या दिवशीच विचारून निघावं.

निकालानंतर

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्जच उशिरा टाकला तर तो उशीर आपल्या अंगावर. जिल्ह्याच्या निकालावर दुसरं अपील नागपूर खंडपीठात, ९० दिवसांत, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. हरलेला शेजारी अपील करतो. अपील केलं म्हणजे हुकूमनामा थांबला असं नाही, वेगळी स्थगिती आणावी लागते. ती नसेल तर दरखास्त लावायला हरकत नसते.

आणि दरखास्त लावावीच लागते. हुकूमनामा जिंकला की धुरा आपोआप सरकेल असं समजून फाईल पेटीत ठेवणारे सगळ्यात जास्त फसतात. ताब्याच्या हुकूमनाम्याला १२ वर्षं आहेत. पण ‘प्रतिवादीने बांधलेला बांध काढून टाकावा’ असा काही करायला लावणारा हुकूम असेल तर मुदत फक्त ३ वर्षं. कायमच्या मनाई हुकुमाला मुदत नाही, मोडला की जप्ती किंवा दिवाणी कैदेची मागणी करता येते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. तालुक्यात तेवढ्यात होत नाही, तरी युक्तिवादात त्याचा उल्लेख करावा, तारखा जवळ येतात.

ताबा देण्याच्या दिवशी बेलिफासोबत सर्वेअर आणि पोलीस बंदोबस्त हवा असेल तर दोन्हींचे अर्ज आणि शुल्क आधीच भरलेलं असावं. दगड, चुना, टेप आणि दोन पंच आपणच न्यायचे. ताबा पावतीवर ‘दाव्यातील मिळकतीचा ताबा दिला’ एवढंच न लिहिता किती मीटर लांब, किती रुंद पट्टी आणि दगड कुठे कुठे रोवले ते लिहून घ्यावं, कारण पुढच्या उन्हाळवाहीत ट्रॅक्टर पुन्हा तिथेच वळणार असतो.